फावल्या वेळचे विचार : साथ आणि संस्कार

मनुष्याचा धर्म कोणता, हें त्याच्या देवघरांत जितकें कळतें त्याहून अधिक तें त्याच्या घरीं मृत्यु आला असतां कळतें. पूजा एकट्यानें करितां येते. प्रेत एकट्यानें उचलतां येत नाहीं. त्या वेळीं शेजारी लागतो, भाऊबंद लागतात, मंत्र सांगणारा लागतो, आणि ज्यांच्याशीं वर्षानुवर्षें अबोला होता तेही दाराशीं येऊन उभे राहतात. म्हणून ज्या रोगांत या चार माणसांनीं जवळ येणेंच घातक ठरतें, तो रोग केवळ शरीराचा राहत नाहीं. तो समाजाच्या मुळाशीं जाऊन भिडतो. असा एक रोग २०१४ ते २०१६ या काळांत पश्चिम आफ्रिकेंतील गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत थैमान घालून गेला. त्याचें नांव इबोला. त्या साथींत तेथील चर्चांनीं, मशिदींनीं आणि त्यांच्या परदेशस्थ सहकाऱ्यांनीं काय केलें, हा आजच्या टिपणाचा विषय आहे. विषय दूरच्या देशाचा खरा. परंतु तो वाचतांना आपल्याच घरांतील कांहीं प्रश्न वाचकांसमोर आपोआप उभे राहतील, असें मला वाटतें.

इबोला हें मुळांत एका नदीचें नांव आहे. पूर्वीं ज्या देशास झाईर म्हणत, त्या आतांच्या कांगो देशांत, या नदीपासून कांहीं अंतरावर यांबुकू नांवाचें गांव आहे. तेथें १९७६ सालीं हा रोग उद्भवला आणि प्रथम ओळखला गेला. गांवांत बेल्जियमहून आलेल्या ख्रिस्ती भगिनींचें एक मिशन-रुग्णालय होतें. रोज सकाळीं मोजक्या पांच पिचकाऱ्या काढावयाच्या आणि त्यांच्या सुया नीट निर्जंतुक न करितां दिवसभर एकामागून एक रोग्यांस टोचावयाच्या, असा तेथील प्रघात होता. त्या सुयांतूनच रोग पसरला. ३१८ रोग्यांपैकीं २८० मरण पावले, आणि त्यांत शुश्रूषा करणाऱ्या भगिनीही गेल्या. ही गोष्ट प्रथम सांगण्याचें कारण असें कीं, पुढें जें चांगलें सांगावयाचें आहे तें आंधळ्या कौतुकानें वाचलें जाऊं नये. अंतःकरणांत दया असली तरी हातांत शास्त्र नसेल, तर ती दयाच मारक होते, हा धडा या रोगाच्या इतिहासाच्या अगदीं पहिल्या पानावर आहे.

पश्चिम आफ्रिकेंतील साथीचा उगम गिनीच्या अरण्यभागांतील मेलिआंदू नांवाच्या लहानशा खेड्यांत, डिसेंबर २०१३ मध्यें, एका लहान मुलाच्या आजारांत सांपडतो. रोग कोणता हें कळेपर्यंत मार्च २०१४ उजाडला, आणि तोंवर तो बराच पसरला होता. ८ ऑगस्ट २०१४ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ती २९ मार्च २०१६ रोजीं उठली. एवढ्या अवधींत या तीन देशांत मिळून २८,६०० हून अधिक लोकांना रोग झाला व ११,३०० हून अधिक मृत्युमुखीं पडले. सिएरा लिओनमधील यादवी २००२ सालीं आणि लायबेरियांतील २००३ सालीं संपली होती. देश नुकते कोठें सावरत होते. लाख वस्तीमागें डॉक्टर होता एक किंवा दोन. त्यांतही ८०० हून अधिक वैद्यकीय सेवकांना हा रोग झाला आणि पांचशेंहून अधिक दगावले. ज्या घरांत दिवेच दोन, तेथें वाऱ्यानें एक विझविल्यावर जें होईल तें त्या देशांचें झालें.

आतां रोगाचें वर्म पाहूं. हा रोग हवेंतून पसरत नाहीं. रोग्याचें रक्त, वांति, मळ, घाम इत्यादि स्रावांचा स्पर्श व्हावा लागतो. लागण झाल्यापासून लक्षणें दिसूं लागण्यास २ ते २१ दिवस लागतात, आणि लक्षणें दिसण्यापूर्वीं तो मनुष्य दुसऱ्यास रोग देत नाहीं. उलट मरणसमयीं त्याच्या देहांतील विषाणूंचें प्रमाण अतिशय वाढलेलें असतें. म्हणून प्रेत हेंच सर्वांत घातक. आणि नेमका तेथेंच तिकडील आचार आड आला. आप्तांनीं प्रेतास स्वहस्तें स्नान घालणें, त्याला वस्त्रें नेसविणें, त्याच्या मस्तकास स्पर्श करून निरोप घेणें हें तेथें पवित्र कर्तव्य मानतात. सिएरा लिओनच्या पूर्व सरहद्दीजवळ एक नामांकित झाडपाल्याची औषधें देणारी बाई इबोलानें मेली. तिच्या अंत्यविधीस दूरदूरचे लोक जमले. त्या एका अंत्यविधीशीं ३६५ पर्यंत मृत्यूंचा संबंध पोंचतो, असें पुढें चौकशींत दिसून आलें. वाचकहो, यांत मूर्खपणा कोणाचाच नव्हता. ज्यानें आईला पाणी पाजलें त्याला रोग झाला. जो दाराआडून पाहत राहिला तो वांचला. रोग ममतेच्याच वाटेनें चालत होता.

धर्मपुरुषांचें वर्तन प्रारंभीं कांहीं भूषणावह नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. २०१४ च्या उन्हाळ्यांत लायबेरियांतील शंभरांहून अधिक ख्रिस्ती पुढारी एकत्र जमले आणि ही साथ म्हणजे लोकांच्या पापांबद्दल ईश्वराचा कोप आहे, असें त्यांनीं जाहीर केलें. घरीं बसून तीन दिवस उपवास व प्रार्थना करण्यास लोकांना सांगितलें. कांहीं धर्मोपदेशक रोग्यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करीत राहिले, आणि स्वतःच आजारी पडले. साथ आली कीं तिचें खापर कोणाच्या तरी पापावर फोडावें, ही खोड एका धर्माची नाहीं व एका खंडाचीही नाहीं. देवीच्या फोडांस देवीचा कोप समजणाऱ्या आपल्या पूर्वजांचे आपण वंशज आहों, हें विसरून दुसऱ्यास हंसणें शोभणार नाहीं.

परंतु त्याच वेळीं दुसऱ्या तऱ्हेचे धार्मिक लोकही तेथें होते. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया येथें एल्वा नांवाचें मिशन-रुग्णालय आहे. रोग्यांस वेगळें ठेवण्यास जागा नव्हती, तेव्हां डॉ. जेरी ब्राउन या लायबेरियन शस्त्रवैद्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रुग्णालयाच्या आवारांतील प्रार्थनामंदिरच इबोलाच्या रोग्यांसाठीं मोकळें केलें. प्रार्थना करणाऱ्यांपैकीं कित्येकांस हें आवडलें नाहीं; परंतु मंदिर ज्याच्यासाठीं बांधलें तो तेथें रोग्याच्या रूपानें आला असतां दार लावून घेणें हा कोणता धर्म ? त्याच शहरांतील सेंट जोसेफ कॅथोलिक रुग्णालयाचे संचालक ब्रदर पॅट्रिक न्शाम्झे हे २ ऑगस्ट २०१४ रोजीं वारले. त्यांच्या पाठोपाठ तेथील कित्येक सेवक गेले, व रुग्णालय बंद पडलें. तें त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हां उघडण्यांत आलें. फ्रीटाउन येथील मेथॉडिस्ट रुग्णालयाचे शस्त्रवैद्य डॉ. मार्टिन सालिया १७ नोव्हेंबर २०१४ रोजीं मरण पावले. हे लोक दुसऱ्यांस उपदेश करून घरीं बसले नाहींत.

सरकारनें प्रथम बळाचा मार्ग धरिला. ऑगस्ट २०१४ मध्यें मनरोव्हियांतील वेस्ट पॉइंट ही दाट गरीब वस्ती सैनिकांनीं वेढली. लोक खवळले, गोळीबार झाला, एक मुलगा प्राणास मुकला. आणि दहा दिवसांनीं वेढा उठवावा लागला. गिनींतील वोमे गांवीं तर सप्टेंबर महिन्यांत माहिती देण्यास गेलेल्या मंडळींपैकीं आठजणांस गांवकऱ्यांनींच ठार मारिलें. त्यांत वैद्यही होते व धर्मोपदेशकही होते. ही हकीकत वाचतांना कोणाही महाराष्ट्रीयास १८९७ च्या पुण्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीचे गोरे शिपाई घरांत शिरूं लागल्याबरोबर लोक रोगी लपवूं लागले. रोग लपला म्हणजे वाढतो, हा नियम सर्वत्र एकच. आणि त्याच वर्षीं, त्याच पुण्यांत, सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां १० मार्च रोजीं देह ठेविला, हेंही आठवतें. शिपायास पाहून लपणारें घर सेवा करणाऱ्यास दार उघडतें.

आतां या सर्व हकीकतींतील जो भाग मला सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला, तो सांगतों. मनरोव्हियांत प्रेतें पुरण्यास जागा मिळेना, शेजारपाजारचे लोक खड्डे खणूं देईनात. तेव्हां अध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या सरकारनें ऑगस्ट २०१४ मध्यें प्रेतें जाळण्याचा हुकूम काढला. जाळावीं कोठें ? त्या देशांत दहनाची चाल नाहीं. तेथें व्यापारउदीमासाठीं राहणाऱ्या भारतीय मंडळींनीं आपल्यापुरतें बांधलेलें एक दहनगृह शहराबाहेर बॉइज टाउन येथें होतें. तेंच सरकारच्या उपयोगास आलें, आणि शेंकडों लायबेरियन लोकांच्या देहांची राख तेथें झाली.

आपल्या दृष्टीनें पाहिलें तर यांत वाईट काय ? अग्नि पावक आहे. देह त्याच्या स्वाधीन करणें हाच आपल्याकडे शेवटचा संस्कार. प्रेतास अग्नि मिळाला नाहीं तर आपण हळहळतों. परंतु लायबेरियन मातेस तोच अग्नि भयंकर वाटला. तेथें दर वर्षीं मार्च महिन्यांतील दुसऱ्या बुधवारीं एक राष्ट्रीय सण असतो. त्या दिवशीं घरोघरचे लोक आपल्या पूर्वजांच्या कबरी स्वच्छ करितात, रंगवितात, फुलांनीं सजवितात. तो त्यांचा पितृपक्षच म्हणाना. ज्याची कबरच नाहीं त्याचें स्मरण कोठें करावें ? म्हणून लोक रोगी लपवूं लागले, रात्रीं गुपचूप प्रेतें पुरूं लागले, आणि साथ अधिकच फैलावली. आपल्यास जो संस्कार तो त्यांस विटंबना, आणि त्यांस जो संस्कार तो कदाचित् आपल्यास विटंबना. यावरून एक गोष्ट उघड होते. संस्काराचें सामर्थ्य केवळ अग्नींत नाहीं, केवळ मातींतही नाहीं. गेलेल्या माणसास त्याच्या माणसांनीं, त्यांच्या समजुतीप्रमाणें, आदरानें निरोप दिला या समाधानांत तें आहे.

हें ओळखून मार्ग काढण्याचें काम एकट्या वैद्यांच्या हातून झालें नसतें. नोव्हेंबर २०१४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाचे नियम प्रसिद्ध केले. ते तयार करितांना रेड क्रॉसबरोबर चर्चांची जागतिक परिषद, कारितास, वर्ल्ड व्हिजन आणि इस्लामिक रिलीफ या संस्थांस मुद्दाम सहभागी करून घेतलें होतें. या नियमांचा आशय थोडक्यांत असा : घरच्यांची संमति घेतल्यावांचून प्रेतास हात लावूं नये, स्नान घालतां येणार नाहीं, परंतु मुसलमानाच्या प्रेतास पाण्याविना करावयाची प्रतीकात्मक शुद्धि करितां येईल, पांढरें कफन देतां येईल, धर्मोपदेशकानें किंवा इमामानें योग्य अंतरावर उभें राहून प्रार्थना म्हणावी, आप्तांनीं खड्डा खणण्यांत व माती लोटण्यांत भाग घ्यावा, आणि कबरीवर मृताचें नांव असावें. वैद्यास हवें होतें तें सर्व यांत आहे, आणि आईला हवें होतें त्यांतील बहुतेक आहे. लायबेरियांतही डिसेंबर २०१४ च्या अखेरीस डिस्को हिल येथें नवें दफनस्थान सिद्ध झालें व दहन थांबलें. पुढें मार्च २०१५ मध्यें, त्या सणाच्या सुमारास, बॉइज टाउन येथील रक्षाही तेथें नेऊन प्रार्थनापूर्वक ठेवण्यांत आली.

सिएरा लिओनमध्यें वर्ल्ड व्हिजन, कॅथोलिक रिलीफ सर्व्हिसेस आणि कॅफॉड या तीन ख्रिस्ती संस्थांनीं मिळून दफनपथकें चालविलीं. त्या देशांत बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, तेव्हां ख्रिस्ती संस्थांच्या पथकांनीं मुसलमानांचीं प्रेतें त्यांच्याच विधीनें पुरलीं. पथकांतील तरुणांस मात्र लोकांनीं वाळींत टाकिलें. कित्येकांस घरमालकांनीं बाहेर काढिलें. प्रेत हाताळणाऱ्यास दूर ठेवून स्वतःस शुद्ध समजण्याची चाल आपल्यास अपरिचित नाहीं. आपले मृतदेह ज्यांच्या हातून सुरक्षितपणें शेवटच्या जागीं पोंचतात, त्यांस आपण घरांत बसावयास पाट देतों काय, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा.

मिशन म्हटलें कीं आपल्यांतील जुन्या लोकांच्या कपाळास आठी पडते, आणि तिला इतिहासांत कारणेंही आहेत. अन्नाच्या व औषधाच्या मोबदल्यांत श्रद्धा विकत घेणें हें निंद्यच होय. परंतु जें निंद्य तें निंद्य म्हणावें व जें वंद्य तें वंद्य म्हणावें, हा न्याय दोन्ही बाजूंनीं चालला पाहिजे. सिएरा लिओनमधील आंतरधर्मीय परिषद १९९७ सालीं स्थापन झाली होती व यादवींत तिनें समेटाची खटपट केली होती. त्याच्याही पूर्वीं, मुलांस लसी टोचण्याच्या मोहिमेंत इमाम आणि पाद्री एकत्र आलेले होते. तीच जुनी ओळख इबोलाच्या वेळीं कामास आली. मेथॉडिस्ट बिशप जॉन यांबासू यांच्यासारखे लोक पुढें झाले. इमामांनीं कुराणांतून आणि पाद्र्यांनीं बायबलांतून, साथीच्या काळीं प्रवास न करणें, स्पर्श टाळणें हें धर्मास धरूनच आहे, असें लोकांस समजावून दिलें. प्रार्थनेच्या अखेरीस हस्तांदोलन करण्याची चाल चर्चांनीं बंद केली, प्रसाद जिभेवर न देतां हातावर देण्यास प्रारंभ केला, आणि दाराशीं क्लोरीनच्या पाण्याचीं पिंपें ठेविलीं. परदेशांतील चर्चांनीं पाठविलेले हातमोजे, साबण, तांदूळ याच ओळखीच्या वाटेनें खेड्यापर्यंत गेले. २१ दिवस घरांत कोंडलेल्या कुटुंबाच्या दाराशीं अन्न ठेवणारा मनुष्य त्याच गांवचा होता. बाहेरचा पैसा आणि आंतला विश्वास यांची सांगड पडली, म्हणूनच तें काम झालें. नुसता पैसा गेला असता तर कोठारांत पडला असता; नुसता विश्वास असता तर हातमोज्यांवांचून मेला असता.

साथ ओसरली म्हणजे सर्व संपलें असें नव्हे. दहा हजारांहून अधिक लोक या रोगांतून वांचले. परंतु कोणाचे सांधे धरले, कोणाची दृष्टि अधू झाली, आणि रोगमुक्त झाल्याचा दाखला हातांत असूनही गांव त्यांस विहिरीवर येऊं देईना. त्यांचीं अंथरुणें, वस्त्रें रोगाच्या भीतीनें जाळून टाकिलेलीं. अशा लोकांस चर्चमध्यें सर्वांसमक्ष पुढें बोलावून जवळ घेणें, ही औषधाहून कमी किंमतीची चिकित्सा नव्हे. १६,००० हून अधिक मुलांनीं आई, बाप किंवा सांभाळणारें माणूस गमावलें, अशी युनिसेफची नोंद आहे. रोगाच्या संशयामुळें ज्या तान्ह्या मुलांस कोणी उचलून घेईना, त्यांस कडेवर घेण्यास रोगांतून उठलेल्या स्त्रियाच पुढें आल्या, कारण त्यांस तो रोग पुन्हां होण्याचें भय नव्हतें. ज्यांस समाजानें दूर लोटलें, त्यांच्याच हातीं समाजाचीं लेंकरें सुरक्षित राहिलीं. शाळा तर महिनोन् महिने बंद होत्या. गिनींत त्या जानेवारी २०१५ मध्यें, लायबेरियांत फेब्रुवारींत आणि सिएरा लिओनमध्यें एप्रिलमध्यें उघडल्या. शाळामास्तरास यावर अधिक सांगण्याची गरज नाहीं. बंद शाळेंतून परत न आलेल्या मुलांची गणना कोणत्याही साथीच्या आंकड्यांत होत नसते.

आतां आपल्याकडे वळूं. संस्कारांत बदल करणें म्हणजे धर्म बुडविणें, असें जे म्हणतात त्यांनीं आपलें शास्त्र नीट पाहिलेलें नसतें. महाभारताच्या शांतिपर्वांत आपद्धर्माचें स्वतंत्र उपपर्वच आहे. दहन हा नियम खरा. पण संन्याशास समाधि देतात, तान्ह्या मुलास पुरतात. परदेशीं किंवा पुरांत मेलेल्याचा देहच हातीं लागला नाहीं, तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचें विधिपूर्वक दहन करावें, असा पालाशविधि आपल्या धर्मशास्त्रकारांनीं सांगून ठेविला आहे. देह नसतांही निरोप देतां यावा, ही चिंता त्यांस होती. २०२० व २०२१ सालीं कोविडच्या साथींत आपल्यांतील किती घरांनीं बापाचें मुख न पाहतां दुरून नमस्कार केला, किती अस्थि नांवाची चिठ्ठी लावून स्मशानांतच महिनोन् महिने राहिल्या ! त्या वेळीं किती घरांना कोणी येऊन सांगितलें कीं, तुमच्या हातून कर्म राहिलें नाहीं, शास्त्रांत याला मार्ग आहे ? कांहीं थोड्या पुरोहितांनीं सांगितलें, त्यांचें भलें होवो. पुष्कळ ठिकाणीं मात्र वैद्य आणि पुरोहित यांची गांठच पडली नाहीं, आणि तें शल्य अजून कित्येकांच्या मनांत आहे.

इबोलावर आतां लस निघाली आहे. २०१५ सालीं गिनींत तिची परीक्षा झाली, २०१९ अखेर तिला युरोप-अमेरिकेंत मान्यता मिळाली, आणि २०१८ ते २०२० या काळांतील कांगोच्या साथींत ती तीन लाखांहून अधिक लोकांस टोचण्यांत आली. तरीही त्या साथींत दोन हजारांहून अधिक लोक मेले. कारण लस कुपींत असते आणि संशय मनांत असतो. कुपी वैद्यानें आणावी. मनांतील संशय ज्यानें काढावयाचा तो मनुष्य गांवांत आधींपासून असावा लागतो.

तेव्हां आपल्या गांवच्या देवळाचे पंच, भजनी मंडळ, उपाध्ये, मशिदीचे इमाम, चर्चचे पाद्री आणि सरकारी दवाखान्यांतील डॉक्टर यांनीं साथ नसतांना वर्षांतून एकदां तरी एकत्र बसावें, एवढीच माझी सूचना आहे. संसर्गाच्या दिवसांत अंत्यविधि कसा करावा, घरच्यांनीं कोठें उभें राहावें, कोणता भाग मागाहून करतां येईल, हें तेव्हांच शांतपणें ठरवून लिहून ठेवावें. घरांतही वडील माणसांनीं मुलांस तोंडानें सांगून ठेवावें कीं, वेळ तशीच आली तर माझ्या देहास हात न लावतां दुरूनच नमस्कार करा. त्यानें माझी गति अडणार नाहीं. असें एक वाक्य मागें ठेवून जाणारा मनुष्य मुलांस आयुष्यभराच्या रुखरुखींतून सोडवितो. मीं माझ्या मुलांस तसें सांगितलें आहे.